रुंद नजरेची लेन्स

वर्गाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि कॅमेऱ्यातून सगळा वर्ग पाहा. समोरचा फळा दिसेल. पण दोन्ही बाजूंचे बाक चित्राबाहेर राहतील. मागे सरकावे, तर मागे भिंत! अशा वेळी अतिरुंद कोनाची लेन्स उपयोगी पडते.

अशी एक लेन्स कॅनन कंपनीने २०१४ साली बाजारात आणली. तिचे नाव ईएफ-एस १०-१८ मिलिमीटर. हे आकडे तिचे नाभीय अंतर सांगतात. नाभीय अंतर कमी केले, की चित्रात जास्त दृश्य मावते. १८ मिलिमीटरवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे ७४ अंशांचे दृश्य मावते. १० मिलिमीटरवर सुमारे १०७ अंशांचे!

याच कंपनीची १०-२२ मिलिमीटरची लेन्स २००४ साली आली होती. नवी लेन्स तिच्यापेक्षा बरीच स्वस्त होती. मग कमी पैशांत काय गेले? कॅमेऱ्यावर बसणारी धातूची कडी गेली, प्लॅस्टिकची आली. प्रकाश आत घेणारे छिद्रही लहान झाले. १० मिलिमीटरवर जुन्या लेन्सच्या सुमारे ६० टक्केच प्रकाश ती घेते. पण काही मिळालेही. वजन ३८५ ग्रॅमवरून २४० ग्रॅमवर आले. हाताच्या कंपाने चित्र पुसट होऊ नये, अशी सोयही झाली.

मात्र ही सोय हाताचा कंप सावरते, समोरच्याची हालचाल नाही. अंधुक उजेडात स्थिर कमान स्पष्ट येईल. धावणारे मूल पुसट येईल.

साठवलेल्या पैशांतून अशी लेन्स घ्यायची असेल, तर आधी ती आपल्या कॅमेऱ्यावर बसते का, ते पाहा. मग तीन परीक्षा घ्या.

पहिली : विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरून चित्र घ्या. कडेच्या ओळी वाकतात का? कोपरे मध्यभागाइतके स्पष्ट आहेत का?

दुसरी : छिद्र एफ ८ पर्यंत लहान करून तेच चित्र पुन्हा घ्या. कोपरे सुधारले का, ते ताडून पाहा.

तिसरी : मित्राला चित्राच्या कडेला उभे करा. त्याचा चेहरा ताणलेला दिसेल. हा स्वस्त लेन्सचा दोष नाही. रुंद कोनाचा गुणधर्म आहे. म्हणून माणसांना मध्यभागी ठेवावे.

इमारती, डोंगर आणि लहान खोल्या टिपणाऱ्याला ही लेन्स पुरेशी आहे. रात्रीच्या समारंभात हलती माणसे टिपणाऱ्याला तिचे लहान छिद्र नडेल. किंमत दुकानदार सांगतो. वस्तू आपल्या कामाची आहे का, हे आपणच तपासून ठरवायचे असते.

शब्दार्थ
पुसट - अस्पष्ट
नडणे - अडचणीचे होणे
ताडून पाहणे - तुलना करून तपासणे

स्वाध्याय
१. नव्या लेन्समध्ये काय गेले आणि काय मिळाले?
२. कारण सांगा : माणसांना चित्राच्या मध्यभागी ठेवावे.
३. वाक्यात उपयोग करा : उपयोगी पडणे, सावरणे.
४. तुम्ही एखादी वस्तू घेताना कोणत्या तीन गोष्टी तपासाल? पाच ओळी लिहा.