मूर्तीखाली बसून कोरलेली अक्षरं

१. मिशनऱ्याच्या चरित्रात मी इतका गुंतेन असं कधी वाटलं नव्हतं. घर माळकरी, उमेदीची वर्षं गेली पुण्याच्या छापखान्यांत मुद्रितं तपासण्यात. निवृत्तीनंतर कुसगावात आलो आणि जमिनींच्या जुन्या कागदांपायी मोडी शिकलो. ही मोडी पहिल्यांदा छापली कोणी, याचा माग काढत गेलो तो थेट बंगालमध्ये पोचलो, विल्यम कॅरीच्या दारात. इंग्लंडातल्या खेड्यात जोडे शिवणारा, पुढे बॅप्टिस्ट पाद्री झालेला माणूस. मनात अढी होतीच. ती गेली असं म्हणणार नाही, पण वाचता वाचता तिने जागा बदलली.

२. मराठीची मोठी कामं मराठी मुलखातच झाली असणार, ही माझी समजूत फार पक्की होती. कॅरीने महाराष्ट्रात कधी पाऊल टाकलं नाही. तरी त्याचं मराठी व्याकरण १८०५ साली छापून निघालं, श्रीरामपुरात. आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून या मंडळींनी डेन्मार्कच्या ताब्यातल्या या गावाचा आसरा घेतलेला. मग १८१० साली मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी खिळ्यांत. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर, आणि आमच्या मावळात मोडी म्हणजे बोरूने लिहायची गोष्ट. शेजारच्या तात्यांना हे सगळं कौतुकाने सांगितलं. द्रुतगती मार्गाचे नवे बोगदे आमच्या गावाशी येऊन निघाल्यापासून इथे जो तो जुने कागद चाळतो आहे. तात्या म्हणाले, “ते राहू द्या हो, आमच्या खापरपणज्याचं नाव लागतंय का, तेवढं बघा.”

३. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना माझी नजर कडेला उभ्या असलेल्यांवर जाते. छापखान्यात राहिल्याची खोड, दुसरं काय! श्रीरामपूरचे खिळे पाडले पंचानन कर्मकार या लोहाराने, आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने. हा मनोहर बायबलची अक्षरं कोरायचा, पण बसायचा आपल्या देवाच्या मूर्तीखाली. तिच्याशिवाय काम करणार नाही, हा त्याचा हट्ट. १८३९ साली एका पाद्र्याने हे डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही मूर्ती जागच्या जागी होती आणि अक्षरंही निघत होती. मी ते पान उलटून पुन्हा वाचलं. आमच्याकडे खंडेनवमीला छपाईयंत्रांना झेंडूचे हार पडत, मग आत कुणाचंही पुस्तक छापलं जात असो. मराठीपुरतं बोलायचं तर आणखी एक नाव, पंडित वैजनाथ. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले मुख्य मराठी पंडित, नागपूरकडचे. कॅरीचं मराठी म्हणजे बरंचसं यांचं मराठी.

४. ध्येयवेड्या माणसाचा हिशेब त्याच्या घरच्यांकडून मागवावा, असं आता वाटतं. कॅरीची बायको डोरोथी हिला इंग्लंड सोडायचंच नव्हतं. तिला दिवस गेले होते, आधी ती चक्क नाही म्हणाली, मग आग्रहाला बळी पडली. १७९३ च्या नोव्हेंबरात सगळे कलकत्त्याला उतरले आणि पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर गेला. डोरोथीचं मन त्यातून सावरलंच नाही. पुढे कॅरी शेजारच्या खोलीत भाषांतर करत असताना ती कोंडलेल्या खोलीत ओरडत असायची. १८०७ मध्ये ती वारली. कॅरीने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगतात, आणि ते खरंही आहे. पण बहुतेक चरित्रकार हे प्रकरण भरभर का उरकतात? माझ्याही घरी दिवाळी अंकांच्या महिन्यांत काय चालत असे, ते बायकोला विचारायला मी अजून धजावलेलो नाही.

५. सात वर्षं. पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, बाप्तिस्म्याला तयार व्हायला कॅरीला एवढी वाट पाहावी लागली. १८०० चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात पोटासाठी निळीच्या कारखान्यावर नोकरी.

६. ११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद, हस्तलिखितं, वितळलेले खिळे. आगीच्या आधी कोश छापून झाला होता हे माहीत असूनही वाचताना माझ्या पोटात गोळा आला. पण खिळ्यांचे साचे राखेत शाबूत सापडले, आणि वितळलेल्या धातूतूनच नवे खिळे ओतायला सुरुवात झाली.

७. माणसं एका कामाला निघतात आणि वाटेत भलतंच होतं. त्याच १८१२ साली अमेरिकेहून निघालेला दुसऱ्या पंथाचा तरुण पाद्री जडसन जहाजावर वाचत बसला, आणि बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला नव्हे, समजत्या माणसालाच द्यावा, हे बॅप्टिस्टांचं मत त्याला पटलं. ज्यांना आपली बाजू समजावायची, त्यांच्यातच तो कलकत्त्याला सामील झाला आणि पुढे ब्रह्मदेशात गेला. त्याचा सोबती गॉर्डन हॉल आपल्या पंथातच राहून मुंबईला आला. कॅरीने १८११ साली मराठीत नवा करार छापलेला असूनही हॉल आणि त्याच्या मुंबईतल्या सोबत्यांनी वेगळं भाषांतर करायला घेतलं, आणि ते १८२६ मध्ये छापलं. त्याच वर्षी हॉल नाशिककडच्या फिरतीवर पटकीने गेला. कॅरी तेव्हा हयात होता. आपल्या मराठीवर कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून बसलं, हे त्याने कसं घेतलं असेल? माझ्या तपासलेल्या मुद्रितावर दुसऱ्याने लाल शाई फिरवली, तर मी रात्रीच्या जेवणापर्यंत धुमसत असे.