वजनांच्या रूपांतरातील रिकामे घर

पाचवीच्या वर्गात ‘१ किलोग्रॅम ८० ग्रॅम म्हणजे किती किलोग्रॅम?’ असा प्रश्न घातला असता पुष्कळ मुले १.८ असे उत्तर लिहितात. शिक्षक त्यावर फुली मारतात आणि हजाराने भागण्याचा नियम पुन्हा सांगतात. नियम मुलांना पाठच असतो. चूक त्याने थांबत नाही. ती निष्काळजीपणाची नसून सवयीची आहे. १ रुपया ८० पैसे हे १.८० असे लिहिण्यात मूल तरबेज झालेले असते, व तेथे ते बरोबरही असते. कारण रुपयाचे पैसे शंभर. किलोग्रॅमचे ग्रॅम मात्र हजार.

हा फरक डोळ्यांना दिसावा म्हणून फळ्यावर किलोग्रॅम, हेक्टोग्रॅम, डेकाग्रॅम, ग्रॅम अशी चार घरे आखावीत. मधली दोन नावे बाजारात कोणी उच्चारीत नाही. मुलांकडून ती पाठ करून घेतली जातात आणि मग विसरली जातात. वास्तविक त्यांचा खरा उपयोग येथेच आहे. ८० ग्रॅम म्हणजे ८ डेकाग्रॅम. त्यात एक पुरा हेक्टोग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम, भरत नाही. म्हणून ते घर रिकामे राहते व तेथे शून्य मांडावे लागते. चारही घरांतील आकडे १, ०, ८, ० असे होतात. किलोग्रॅमच्या घरानंतर दशांशचिन्ह दिले की १.०८० किलोग्रॅम, तीच रांग ग्रॅमपर्यंत सलग वाचली की १०८० ग्रॅम. आकडे तेच, चिन्हाची जागा तेवढी बदलते. पुढे डेसि, सेंटि व मिलि ही घरे वाढविली म्हणजे औषधाच्या गोळीतील ५०० मिलिग्रॅम हा अर्धा ग्रॅम असल्याचेही त्याच तक्त्यात दिसते.

या चुकीची किंमत शाळेतच मोजून दाखविता येते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ धरतात. ५४ मुले हजर असतील तर डाळ १०८० ग्रॅम लागते. नोंदवहीत १.०८० ऐवजी १.८ पडले, तर ७२० ग्रॅम डाळ न शिजताच खर्ची पडली. ती ३६ मुलांची एका दिवसाची डाळ होय. महिनाअखेर वहीतल्यापेक्षा डब्यात डाळ अधिक निघते, आणि मुलांना कमी वाढले असा संशय येतो तो मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईंवर! हे उदाहरण वर्गात घालताना त्या दिवशीची खरी हजेरी घ्यावी. शक्य असल्यास तराजूत एकदा १ किलो, ५०, २० व १० ग्रॅमची वजने, आणि एकदा १ किलो, ५००, २०० व १०० ग्रॅमची वजने घालून दोन्ही डाळी शेजारी शेजारी ठेवाव्यात.

क्विंटलचे किलोग्रॅम शंभर असल्याने तेथे दोनच घरे लागतात. ३ क्विंटल ५ किलो तूर ३.०५ क्विंटल होते, ३.५ लिहिल्यास ४५ किलोंचा फरक पडतो.

आणखी एक अडचण घरच्या बोलीतून येते. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने चालू झाली. ८० तोळ्यांचा जुना शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा होता, म्हणजे पावशेर सुमारे २३३ ग्रॅम. शेर गेला, शब्द राहिला. आज पावशेर भाजी म्हणजे २५० ग्रॅम. मूल ते ०.२५ किलो असे बरोबर लिहिते, परंतु वाचताना २५ ग्रॅम म्हणते. येथे शेवटचे घर भरून ०.२५० असे लिहावयास सांगावे.

सरावासाठी २ किलो ५ ग्रॅम, ६० ग्रॅम व ३ किलो ४०० ग्रॅम यांचे किलोग्रॅम, ४.०७ किलोग्रॅमचे ग्रॅम. आणि ७ क्विंटल ८ किलोंचे क्विंटल करावयास द्यावेत. प्रथम घरे आखून व नंतर घरांवाचून.