रिपोर्टातला ‘स्मॉल’ कुणाचा?

‘स्मॉल’ म्हणजे लहान, हे सांगायला शब्दकोश नको. पण वैद्यकीय रिपोर्टात हे विशेषण दिसलं, की नेमकं काय लहान आहे ते आधी बघा.

‘स्मॉल इंटेस्टाइन’, म्हणजे लहान आतडं, सुमारे ६ मीटर लांब असतं. मोठं आतडं जेमतेम दीड मीटर. लहान आहे तो व्यास. (आपणही इंग्रजीसारखं ‘लहान’च म्हणतो, पण कुणाला खटकत नाही!)

खरा घोळ होतो तो ‘स्मॉल सेल लंग कॅन्सर’मध्ये. भारतातून कुणी फोनवर रिपोर्ट वाचतं, “स्मॉल लिहिलंय” म्हणतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. इथे गाठ लहान नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशी लहान आहेत. त्यांच्यात केंद्रकाभोवती पेशीद्रव अगदी थोडं असतं. फुफ्फुसाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ टक्के या प्रकारचे. तो झपाट्याने वाढतो आणि निदान होईपर्यंत बहुतेकदा शरीरात पसरलेला असतो. शस्त्रक्रियेचा उपयोग क्वचितच होतो; भर केमोथेरपीवर आणि गरजेप्रमाणे रेडिएशनवर. म्हणून आठवडाभर थांबून बघू, असं म्हणण्याइतकी सवड इथे नसते.

‘नॉन-स्मॉल सेल’ वाचून गाठ मोठी आहे असंही समजू नका. गाठीचा आकार हवा असेल तर सेंटिमीटरचा आकडा शोधा, आणि आजार किती पसरलाय ते ‘स्टेज’वरून कळेल.

‘स्मॉल नोड्यूल’मधला स्मॉल मात्र गाठीचाच. फुफ्फुसातली गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत असेल तरच तिला नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठी असेल तर रिपोर्टात ‘मास’ लिहिलेलं असतं.