पाणी माणसागणिक : पुरंदरची पाणी पंचायत

उसाच्या पत्रिकेत ऊस न लावणाऱ्या गावांची गोष्ट कशाला, असे काही मंडळी विचारतील. परंतु पुरंदर तालुका म्हटला की किल्ल्यापाठोपाठ पाणी पंचायत आठवते, आणि तिच्यात आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

१९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे या भागात आले. पुढे नायगावात देवस्थानची ४० एकर जमीन कराराने घेऊन त्यांनी बांधबंदिस्ती, पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर असे काम उभे केले. पावसाचे पाणी अडले, मुरले, विहिरीस आले. इथवर नवल नाही, अशी कामे इतरत्रही झाली. खरी गोम पुढे आहे. पाणी आले, आता ते कुणाचे?

पंचायतीने हिशेब जमिनीवर न धरता माणसावर धरला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे. मग जमीन दोन एकर असो की वीस. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के भाग सभासदांनी आपल्या खिशातून घालायचा. वाटपाला पाटकरी नेमलेला. आणि ऊस बंद!

ऊस विकास खात्यात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे हा नियम आम्हांला झोंबतो, हे लपवत नाही. पण तो चुकीचा म्हणवत नाही. ऊस उन्हाळाभर उभा राहतो, नेमका विहिरी तळ गाठतात तेव्हाच पाणी मागतो. थोड्या पाण्यात एकाचा ऊस जगवायचा तर चौघांची ज्वारी वाळते.

आपल्याकडे ऊस बंद करा, असे आम्ही सांगणार नाही. पण आपल्या उपसा योजनांवर वरच्याची पाळी दोनदा आणि शेपटाकडचा कोरडा, हे किती दिवस चालवायचे? आडसाली लागण विहिरीच्या मे महिन्यातल्या पाण्यावर बेतावी, जुलैच्या भरल्या विहिरीवर नव्हे. खोडव्याचे पाचट पेटवू नये, सरीत दाबावे. पाणी ओढ देऊ लागले की सरीआड सरी भिजवावी. ठिबक जमत असेल त्याने थांबू नये.

यंदा लागणीची नोंद करायला येताना मे महिन्यात पंप दिवसाला किती तास चालला तो आकडा आणावा. गट कार्यालयात शेतकी मदतनीस तो नोंदीसोबत लिहून घेतील.