चिठ्ठी लिहून द्यायला काय हरकत होती?

"नवीन साबण लावला का काही?" पुण्यातल्या त्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं आणि ॲलर्जीची गोळी लिहून दिली. जून 2024 संपत आला होता. मला चौथा महिना. अंगात कणकण, डोळे लाल, सांधे ठणकतायत आणि छातीपासून दंडापर्यंत बारीक लाल पुरळ. एरंडवण्यातल्या झिकाच्या बातम्या तेव्हा नुकत्याच यायला लागल्या होत्या. मी स्वतः नाव घेऊन विचारलं, "झिकाची तपासणी करायची का?" तर म्हणाले, "टीव्ही कमी बघा." हे शेजारीच उभे होते, साक्षीला आहेत.

ताप उतरला, पुरळ मावळलं आणि मी माहेरी वारंगा फाट्याला आले. 3 जुलैला केंद्र सरकारनं सगळ्या राज्यांना कळवलं, की गरोदर बायकांची झिकासाठी तपासणी करा, लागण निघाली तर गर्भाच्या वाढीवर लक्ष ठेवा. आईच्या घरी जेवताना ती बातमी लागली. ताप, पुरळ, लाल डोळे, सांधेदुखी अशी एकेक खूण ती निवेदिका वाचत होती आणि माझा हात ताटातच राहिला. भीती नंतर वाटली. आधी संतापच आला. मी विचारलं होतं ना!

नांदेडला दाखवायला पोचेपर्यंत आणखी दिवस गेले. तिथल्या तज्ज्ञ बाईंनी पहिलाच प्रश्न केला, "ताप कधी आला होता?" तारीख ऐकून त्या गप्प झाल्या. रक्तात झिकाचा विषाणू साधारण आठवडाभर सापडतो, लघवीत दोनेक आठवडे. दोन्ही मुदती टळल्या होत्या. उरली प्रतिपिंडांची चाचणी. तिची डेंग्यूशी गल्लत होते आणि डेंग्यू मला आधी होऊन गेला होता. निष्कर्ष आला, "निश्चित सांगता येत नाही." एका चिठ्ठीनं ज्याचा निकाल लागला असता, ते ओझं मी बाळंतपणापर्यंत वागवलं.

म्हणून बायांनो, गरोदरपणात तापाबरोबर पुरळ आलं, की त्याच आठवड्यात रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला लावा. डॉक्टर नाही म्हणाले तर "नाही" असं कागदावर लिहून मागा. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. मनानं दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच, तेही विचारून.

"झिका आपल्याकडं कुठला?" असं आमच्या गल्लीतही ऐकलं. महाराष्ट्रातली पहिली रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडली, आणि बेलसर काही महानगर नाही. फाट्यावर पंक्चरच्या दुकानामागं टायरांची चळत आहे. पावसानंतर मी एक टायर कलता केला, तर आतल्या चहाएवढ्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. झिका पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली राहतात. रांजण, ड्रम, कूलरची टाकी आठवड्याला घासून कोरडी करा. दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "ताई, सगळा फाटाच असाय." असेल, पण टायरांवर ताडपत्री टाकायला काय जातं?

नवऱ्याबद्दल कुणी बोलत नाही, मी बोलते. हा विषाणू शरीरसंबंधातूनही येतो. नवरा साथीच्या गावी राहून येत असेल तर बाळंतपण होईपर्यंत निरोध वापरा, नाहीतर दूर राहा. नांदेडच्या बाईंनी हे यांना समोर बसवून सांगितलं, तसं प्रत्येक डॉक्टरनं सांगायला हवं.

घरच्यांचं काय सांगू? एक आत्याबाई दारातूनच म्हणाल्या, "डोकं बारीक येतंय म्हणं." शेजारच्या दोघींनी येणं बंद केलं. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं झिका होत नाही. लागण झालेल्या आयांच्या बाळांपैकी 5 ते 15 टक्के बाळांत दोष आढळतात, म्हणजे बहुतेक बाळं सुटतात. हा आकडा मला कुणी आधी सांगितला असता तर त्या रात्री थोडी झोप लागली असती.

एका सोनोग्राफीवर मात्र विसंबू नका. डोक्याची वाढ मागे पडलेली पुष्कळदा उशिरा, शेवटच्या तिमाहीत दिसते. माझी सोनोग्राफी काही आठवड्यांच्या अंतरानं होत राहिली. जेवण वेळेवर घ्या, मन शांत ठेवा असं सगळेच सांगतात, तेही करा.

मुलगी झाली. डोक्याचा घेर 34 सेंटिमीटर, व्यवस्थित. तरी कान आणि डोळे तपासून घेतले, कारण काही बाळांचं डोकं जन्मताना नीट असतं आणि दोष पुढं कळतात. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर माझ्या तापाची तारीख, पुरळ आणि तेव्हाचा पुण्यातला मुक्काम मी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. प्रत्येक नव्या डॉक्टरपुढं आधी ते पान उघडते, आणि तो वाचून होईपर्यंत बाळाला पुढं करत नाही.