एसआयपी सर्व्हर : हेडरमधली चूक कशी शोधायची?

इंटरनेटवरून फोन लावताना 'एसआयपी' हा नियमसंच वापरतात. त्याचे मुख्य नियम जून २००२ मध्ये 'आरएफसी ३२६१' या दस्तऐवजात आले. एसआयपीचा संदेश म्हणजे साधा मजकूर. वर हेडरच्या ओळी, मग एक रिकामी ओळ आणि खाली मुख्य मजकूर. पाकिटावरचा पत्ता चुकला तर पोस्टमन काय करणार? तसंच इथे! हेडर चुकला की सर्व्हर बहुतेक वेळा '४०० बॅड रिक्वेस्ट' असं उत्तर देतो.

आता आपल्या जिल्ह्याचंच नाव घेऊ : अहिल्यानगर. डोळ्यांना अक्षरं दिसतात ६. काना, वेलांटी आणि हलन्त वेगळे मोजले तर युनिकोडची चिन्हं होतात १०. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे एकूण ३० बाइट.

समजा, टीसीपी जोडणीवरून एवढाच शब्द 'मेसेज' म्हणून पाठवला आणि प्रोग्रॅमने कंटेंट-लेंग्थ १० लिहिली. सर्व्हर १० बाइट वाचून थांबेल. उरलेले २० बाइट त्याला पुढच्या संदेशाची सुरुवात वाटतील. त्यामागून आलेला 'इन्व्हाइट' बरोबर असूनही बिघडेल, आणि समोरचा फोन वाजणारच नाही! म्हणून लक्षात ठेवा : कंटेंट-लेंग्थ बाइटमध्ये मोजतात, अक्षरांत नाही.

दुसरी नेहमीची चूक : 'फ्रॉम' हेडरमध्ये मराठी नाव दुहेरी अवतरणचिन्हांशिवाय लिहिणं. देवनागरी नाव अवतरणातच हवं.

चूक शोधण्याचा क्रम :
१. वायरशार्कमध्ये संदेश पकडा आणि कच्चा मजकूर पाहा.
२. व्हाया, टू, फ्रॉम, कॉल-आयडी, सीसेक, मॅक्स-फॉरवर्ड्स हे सहाही हेडर आहेत का?
३. सीसेकमधलं कामाचं नाव पहिल्या ओळीतल्या नावाशी जुळतं का?
४. रिकामी ओळ आहे का?
५. कंटेंट-लेंग्थ स्वतः मोजा.

आधी सर्व्हरची सेटिंग बदलत बसू नका. आधी संदेश वाचा, चूक बहुधा तिथेच सापडते.

स्वाध्याय : 'नगर' या शब्दाची कंटेंट-लेंग्थ किती? (उत्तर : ९)