आधी ब्रेक बघा

रविवारी सकाळी दौलताबादच्या घाटात नुसते उभे राहा. किल्ल्याच्या तटबंदीतल्या चिंचोळ्या दरवाज्यातून एका वेळी एकच बस निघते, वेरूळला निघालेल्या गाड्या मागे खोळंबतात, आणि त्या गर्दीतच सायलेन्सर बदललेली एखादी गाडी फटाके फोडत पुढे घुसते. माळीवाड्याला समृद्धी महामार्गावर चढायची सोय झाल्यापासून ही हौस तिकडेही वळली आहे. तिथे मर्यादा १२० ची, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ म्हणतं की परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावाल तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून मी पोरांना सांगतो, पळवायचीच असेल तर ट्रॅकवर न्या. मग लगेच पुढचा प्रश्न: काका, शोरूममधून निघून थेट ट्रॅकवर नेता येईल अशी गाडी कुठली?

आमच्या छत्रपती संभाजीनगरला हे वेड नवं नाही. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे. २०१० साली इथल्या मंडळींनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर चर्चा झाली. त्यामुळे आपल्याकडे गाडीची गोष्ट बीएचपीपासून सुरू होते आणि तिथेच संपते.

आतेभावाबरोबर दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर गेलो होतो. गाडी त्याची, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, दोन पावसाळे पाहिलेली; सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. सुरुवातीच्या फेऱ्या झकास झाल्या. मग आत जळका वास यायला लागला. मी शेजारच्या सीटवर होतो. सरळ पट्टा संपत आला, त्याने ब्रेक दाबला आणि पेडल स्पंजासारखं तळाला गेलं. "दादा, लागत नाहीये!" त्याने दोन-तीनदा पंप मारला, गाडी वळण सोडून सरळ खडीत शिरली आणि थांबली. कुणाला लागलं नाही. बाहेर येऊन पाहतो तर पुढच्या डिस्क निळसर पडलेल्या, रिमजवळ हात नेववत नव्हता, आणि स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना.

यात जादू काही नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्याची हमी जेमतेम १५५ अंशांची. ते उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पॅडपर्यंत पोचतच नाही. रस्त्यावर वर्षानुवर्षं हे कळत नाही. ट्रॅकवर दर अर्ध्या मिनिटाला कचकन ब्रेक लागतो, तेव्हा कळतं.

तेव्हा गाडी बघायला जाल तर बॉनेट नंतर उघडा, आधी चाकांशी वाका. मागे डिस्क आहे की ड्रम? पुढची डिस्क हवेशीर, म्हणजे दुपदरी आहे का? आपल्याच रांजणगावात बनलेली अबार्थ पुंटो २०१५ मध्ये आली. १४५ बीएचपी आणि चारही चाकांना डिस्क. स्वस्तातली तयार गाडी म्हणावी तर ती होती. आता जुनीच मिळेल, आणि सुट्या भागांसाठी वणवण ठरलेली. ऑक्टाव्हिया आरएस खरोखर तयार गाडी आहे, पण २०२५ ला आल्या अवघ्या १००, पन्नास लाखांच्या घरात, आणि टायर १९ इंची. ते टायर घासले की बिल बघून ट्रॅकची हौस फिटते.

माझं मत विचाराल तर पहिली गाडी हलकी आणि मॅन्युअल घ्या. स्विफ्ट नऊशे किलोच्या आसपास. मागे ड्रम आहेत हे खरं, पण मुळात वजनच कमी, त्यामुळे ब्रेकला आणि टायरला त्रास कमी, आणि तिचा पार्ट कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो. नवं डॉट ४ भरा, पुढचे पॅड चांगले टाका, बस्स. रिमॅपचे पैसे तूर्त खिशात ठेवा. गाडी घेण्याआधी कोल्हापूरच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करून या. हौस खरी की खोटी तिथे स्वस्तात समजतं.

विम्याचा कागद मात्र शोरूममध्येच पूर्ण वाचा. गाडीच्या वापराच्या मर्यादांत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. वॉरंटीच्या पुस्तिकेतही शर्यतीचं कलम शोधा. विक्रेता "काही होत नाही हो" म्हणाला तर ते लेखी मागा.

आपल्या गावात ट्रॅक नाही. तळेगावजवळ नाणोलीला झाला आहे. मोठा हवा तर चेन्नईचा ३.७१७ किलोमीटरचा किंवा नोएडाकडचा ५.१२५ चा. म्हणजे ज्या गाडीवर हौस करायची तीच चालवत घरी यायचं. शेवटची फेरी ब्रेक न लावता हळू मारा. उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. गार झाल्यावर पॅडची जाडी बघा, चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासा, टायरची हवा पुन्हा रस्त्याच्या मापावर आणा आणि मगच टोलनाक्याकडे निघा.